शांतम्मानं कोट घेतला

शांतम्मा सायकल चालवायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात नागझरवाडीनं तिच्याबद्दल बोलायचं होतं नव्हतं ते सगळं बोलून घेतलं होतं. बाईमाणूस सायकलवर. त्यात नवरा गेलेली. त्यात शेट्यांच्या घरची सून. बोलणारी माणसं दमली, शांतम्मा दमली नाही. रोज झुंजुमुंजू व्हायच्या आत ती इरकली लुगडं चापूनचोपून नेसायची, सायकल दारातून बाहेर काढायची आणि अडीच कोसावरच्या कळंबला निघायची. तिथं मुलींच्या शाळेत ती मास्तरीण होती. शाळेच्या त्याच इमारतीत दुपारी मुलांचे वर्ग भरायचे, म्हणून मुलींची शाळा बारा महिने सकाळची. साडेसाताला घंटा. उशीर झाला की हजेरीच्या बुकात लाल शाईची रेघ.

कळंबला बिऱ्हाड करून राहावं, तर एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. आणि घरी सासू होती. गंगम्मा. तिला सगळे अव्वा म्हणायचे. अव्वाच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, सांजसकाळ तिला हाताला धरून न्हाणीपर्यंत न्यावं लागायचं. ते काम शांतम्माचं. धाकटा दीर महालिंगप्पा घर चालवायचा, शेती बघायचा, आणि वहिनीला अहो-जाहो करून बोलायचा. वाईट माणूस नव्हता. पण गावानं हसलेलं त्याला सोसत नव्हतं.

त्या साली पौषात शांतम्मा पडली. गावाबाहेर ओढ्याचा उतार आहे. थंडीत तिथं धुकं साचून राहतं आणि गारठा असा, की तोंडातून शब्दाआधी वाफ निघायची. सायकलच्या मुठी धरून तिची बोटं लाकडासारखी झाली होती. उतार लागला, तिनं ब्रेक दाबायला बोटांना सांगितलं, बोटांनी ऐकलं नाही. अंगावरच्या शालीचं टोक त्याच वेळी चेनमध्ये गेलं. सायकल एकीकडं, शाल दुसरीकडं आणि शांतम्मा बाभळीच्या काट्यांत. हनुवटी फुटली. दवानं भिजलेल्या लुगड्यानं तशीच शाळेत गेली, मुलींकडून पाढे म्हणून घेतले आणि घरी येऊन अंथरुणाला खिळली. बारा दिवस ताप.

तेव्हा महालिंगप्पा उंबऱ्यात बसून म्हणाला होता, "वहिनी, थंडीचं तीन महिनं घरी बसत जावा. आठ-नऊ महिनं करा की नोकरी, कोण नको म्हणतंय?"

"आणि तीन महिने पोरींना कोण शिकवणार?"

"सरकार बघंल की."

सरकार बघेल म्हणजे काय, ते शांतम्माला पुरतं ठाऊक होतं. तीन महिन्यांसाठी दुसरी बाई येईल आणि मग तीच राहील. तापात पडल्या पडल्या तिच्या ध्यानात आलं, की गावाच्या तोंडाला दोन वर्षांत जे जमलं नाही, ते थंडी एका हिवाळ्यात करायला निघालीय. आणि गाव थंडीच्या बाजूनं उभं राहून गंमत बघतंय. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं. यापुढं नोकरी सुटली तर ती आपण सोडू म्हणून सुटेल. गारठ्यानं सुटणार नाही.

पुढल्या साली, म्हणजे निजामाच्या फसली सन तेराशे छप्पनमध्ये, मोठी लढाई संपून वर्ष उलटलं होतं. मार्गशीर्ष लागला. एका सोमवारी शाळा सुटल्यावर सायकल हातात धरून शांतम्मा कळंबच्या बाजारात शिरली आणि वीरभद्रप्पाच्या कापडदुकानाच्या पायरीला तिनं सायकल टेकवली.

वीरभद्रप्पा घरोब्यातले. तिच्या लग्नाचा बस्ता त्यांच्याच दुकानात बांधलेला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "या शांतम्मा. शाल दाखवू? पंजाबची हाय. हात लावून बघा."

"शाल नको. मागल्या साली शाल चेनमध्ये गेली आणि मी काट्यात गेले."

"घट गुंडाळायची, टोक खोचायचं."

"तुम्ही एकदा शाल गुंडाळून सायकल चालवून बघा, वीरभद्रप्पा. मी हितंच थांबते."

दुकानात बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. वीरभद्रप्पा हसले नाहीत.

"मला कोट पाहिजे," शांतम्मा म्हणाली. "लोकरीचा. गळ्यापर्यंत बटणं लागणारा."

"कोट हायत की. महालिंगप्पांना पाठवून द्या, मापं घेतो."

"मापं माझी घ्यायचीत."

वीरभद्रप्पांनी काढलेला गठ्ठा परत फळीवर ठेवला. हलक्या हातानं ठेवला, पण ठेवला. "हे बघा, मी तुमच्या सासऱ्याच्या पंगतीला बसलेला माणूस. गडीमाणसाचा कोट मी तुमच्या अंगाला कसा लावू? उद्या मठात चार माणसं मला इचारतील."

शांतम्मा उठली. "मग थंडीला पण सांगून ठेवा, बायामाणसं बघून झोंबत जाऊ नको म्हणून." तांब्यातलं पाणी न पिताच ती पायऱ्या उतरली.

तहसील कचेरीच्या मागं लिंबाखाली मौलासाब दर्जी बसायचा. साठीचा गडी, चष्म्याला दोरा बांधलेला. सोलापुराहून त्याच्याकडं पलटणीतल्या जुन्या कपड्यांचं एक पोतं आलं होतं. लढाई संपल्यावर असले कपडे बाजारात ढिगानं उतरले होते. कुणी त्यांची जाजमं करत होतं, कुणी बैलांवर पांघरत होतं. मौलासाबानं खाकी ओव्हरकोट उलगडला तेव्हा त्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आतल्या बाजूला शाईनं कुणाचा तरी नंबर घातलेला होता.

"कोणासाठी, मास्तरीणबाई? भावासाठी?"

"माझ्यासाठी."

मौलासाबानं चष्मा वर केला, तिच्याकडं बघितलं, मग सायकलीकडं. वीरभद्रप्पाच्या दुकानातून नकार घेऊन बाई इथवर आलीय, हे म्हाताऱ्याच्या बहुतेक लक्षात आलं. "लोक हसतील, बाई."

"हसू देत. थंडीत तोंड उघडलं की दात त्यांचेच गार पडतील."

मौलासाब असा हसला की त्याला ठसका लागला. मग तो कामाला लागला. खांदे आत घेतले. घोट्यांपर्यंत लोंबणारा घेर गुडघ्यावर आणला, म्हणजे चेनला लागायला नको. सीटवर नीट बसता यावं म्हणून पाठीमागं चीर ठेवली. बाह्या लांब होत्या, त्या कापायला निघाला तर शांतम्मा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बोटांवर ओढून घेता येतील."

"ये बराबर बोलल्या," मौलासाब म्हणाला आणि कात्री खाली ठेवली.

पोत्यात तळाला लोकरीच्या पट्ट्यांची गुंडाळी होती. हे काय, तिनं विचारलं. मौलासाबानं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन आपल्याच वाळक्या पोटरीवर पट्टी गुंडाळून दाखवली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, एकीवर एक वेढा. शिपाई अशा पट्ट्या बांधून चालतात, पायाला वारा लागत नाही. शांतम्मानं बघितलं आणि तिला कळलं, की लुगड्याचा घोळ आत दाबून वरून ही पट्टी बांधली तर चेनची भीती कायमची मिटली. पट्ट्या घेतल्या. जाड पायमोज्यांचे दोन जोड घेतले, एकाची टाच रफू केलेली. हातमोजा मात्र एकच निघाला, तोही डाव्या हाताचा. तो तिनं पोत्यात परत टाकला. वाटेत धनगराच्या वाड्यावर थांबून काळी लोकर घेतली आणि दोन रात्रींत आपले हातमोजे आपणच विणले. अंगठा वेगळा, बाकीची चार बोटं एका पिशवीत. लोकर अशी खरबरीत की हातांना खाज सुटायची. पण बोटं जागी राहायची.

पहिल्या सकाळी ती हा सगळा सरंजाम चढवून ओसरीवर आली, तेव्हा अव्वानं हाक मारली. "शांता, हिकडं ये. बघू." डोळ्यांनी न दिसणारी ती म्हातारी असंच म्हणायची, बघू. तिनं कोटावरून हात फिरवला, बटणं मोजली, बाही चिमटीत धरली.

"जड हाय गं. कशाचा?"

"मेंढीच्या लोकरीचा, अव्वा. पलटणीतला."

"मेंढी पलटणीत गेली व्हती व्हय?" अव्वा म्हणाली. "जा. उशीर करू नगं."

चावडीपाशी शेकोटीला माणसं बसली होती. एकानं उठून कपाळाला हात लावून सलाम ठोकला. "पलटण निघाली रं!" सगळे खो खो हसले. शांतम्मानं सायकलची घंटा वाजवली, वाट मोकळी करून घेतली आणि पुढं गेली. ओढ्याच्या उतारावर नेहमीसारखं धुकं होतं. तिनं ब्रेक दाबला. बोटांनी लगेच ऐकलं. एरवी तिथं पोचेपर्यंत गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी छातीला बर्फासारखी लागायची. आज ती लुगड्याच्या आत, कोटाच्या आत, अंगाइतकीच ऊबदार होती. पलीकडचा चढ चढताना शांतम्माला चक्क घाम आला. ती मोठ्यानं हसली. आसपास कुणी नव्हतं, म्हणून आणखी एकदा हसली.

आठ दिवस असे गेले. महालिंगप्पा जेवताना ताटाकडं बघायचा, उठून जायचा. बाजारात कुणीतरी त्याला विचारलं होतं, "अप्पा, घरात फौजदार नेमला का?" ते त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

नवव्या दिवशी पहाटे शांतम्मानं खुंटीकडं हात नेला तर खुंटी रिकामी. पट्ट्या होत्या, मोजे होते, कोट नव्हता. महालिंगप्पा अंगणात दात घासत होता.

"भावजी, माझा कोट?"

"दगडोबाला दिला." त्यानं चूळ भरली, थुंकली. "मळ्यात हरभऱ्याची राखण करतोय, म्हातारा माणूस. काकडत व्हता. गरिबाचा दुवा लागंल आपल्या घराला."

शांतम्माला भांडायला वेळ नव्हता, घंटा साडेसाताची होती. तिनं अंथरुणातली घोंगडी ओढली, अंगाभोवती गुंडाळली आणि कासऱ्यानं कमरेला करकचून बांधली. तशीच सायकलवर बसली. घोंगडीच्या फटींतून वारा आत शिरत होता, कळंब येईपर्यंत तिचे दात वाजत होते. पण घंटा झाली तेव्हा ती वर्गात फळ्यापुढं उभी होती, आणि खडू तिच्या हातात होता.

शाळा सुटली. ती घरी न जाता थेट मळ्यात गेली. मनात बोलायची सगळी वाक्यं तयार होती.

दगडोबा राखणीच्या माचणीखाली उन्हाला बसला होता. अंगात तोच कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. ऊन पडलं होतं तरी त्यानं काढला नव्हता. बाईंना बघून तो धडपडत उठला आणि त्यांचा चेहरा बघून समजायचं ते समजला. त्याची वाकडी बोटं बटणांशी झटू लागली.

"म्या मागितला न्हाय, बाई. मालकानं अंगावर टाकला. तुमचा हाय हे म्हायती असतं तर हातबी लावला नसता."

"किती साल झाली राखण करताय, दगडोबा?"

"तुमच्या सासऱ्याच्या येळपासनं. म्या तवा मिसरूड फुटलेला गडी."

"तेवढ्या सालांत कधी कोट दिला होता कुणी?"

"कोट?" दगडोबा गोंधळला. "सणाला जुनं धोतर देत्यात की." बोटं अजून पहिल्याच बटणाशी होती. तो खाली बघून हळूच म्हणाला, "काल रातच्याला मातर झोप लागली, बाई. राखणदारानं झोपू नये. पर लागली."

शांतम्माची तयार वाक्यं तिथंच राहिली. राग गेला नाही. राग फक्त वळला आणि बरोबर जिथं जायला पाहिजे तिथं जाऊन उभा राहिला.

"काढू नका," ती म्हणाली. "कोट तुमचा. उद्या कुणी परत मागितला तर सांगा, वहिनींनी दिलाय. त्यांनाच विचारा म्हणावं."

ती घरी आली. महालिंगप्पा ओसरीवर दोन पाहुण्यांबरोबर चहा पीत बसला होता. शांतम्मा त्यांच्यासमोरून आत गेली. महालिंगप्पाच्या खोलीत खुंटीवर त्याचा काळा, लांब लोकरी कोट होता. खास बार्शीला शिवलेला, आत रेशमी अस्तर, लग्नकार्याला आणि कचेरीत जाताना घालायचा. तिनं तो काढला, बाहेर आली आणि पाहुण्यांच्या देखत अंगात घातला.

"हे काय, वहिनी?" महालिंगप्पाची बशी हातातच राहिली.

"तुम्ही माझा कोट दान केलात, भावजी. पुण्य तुमच्या वाट्याला आलं, थंडी माझ्या. म्हणून हा नेते."

"अहो, तो माझा हाय!"

"तुम्ही दिलात तोही माझाच होता. माझ्या पगाराचा. मी तुमच्यासारखा अंधारात काढून नेला नाही. चार माणसांत, तुमच्या डोळ्यांसमोर घेतेय. नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. पण मग दगडोबाच्या अंगावरचा काढून आणायला तुम्हीच जा. मी जाणार न्हाय."

पाहुणे बशीतल्या चहाकडं बघत राहिले. महालिंगप्पानं पाहुण्यांकडं बघितलं. म्हाताऱ्या राखणदाराच्या अंगावरचा कोट ओढून आणणारा माणूस म्हणून आपलं नाव झालं तर गाव काय म्हणेल, याचा हिशेब त्याच्या तोंडावर दिसत होता. तेवढ्यात आतून अव्वाचा आवाज आला.

"महालिंगा, तू दिलास ते लई चांगलं केलंस. आता तिला पण दे. आणि तोंडानं दे, म्हंजी दिल्यासारखं दिसंल."

महालिंगप्पानं बशी खाली ठेवली. "न्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मौलासाबानं तो कोट हातात घेतला आणि अस्तरावरून बोट फिरवलं. "लई उंची माल हाय, बाई. ह्याला कात्री लावायची?"

"घेर गुडघ्यापर्यंत. पाठीला चीर. मागल्यासारखंच."

"मालकाला परत द्यायचा असंल तर..."

"लावा कात्री, मौलासाब."

कात्री लागली. पुढच्या बाजाराला महालिंगप्पा शाल पांघरून गेला. वीरभद्रप्पाच्या दुकानात त्याला विचारलं गेलं, "अप्पा, कोट कुठाय?" आणि गंमत अशी, की आता लोकांचं हसणं त्याच्या वाट्याला आलं होतं. मग त्यानं बार्शीला जाऊन दुसरा कोट शिवून आणला आणि तो मात्र पेटीत कुलूप लावून ठेवला. वहिनीशी महिनाभर बोलला नाही. शांतम्मानंही आपण होऊन बोलणं काढलं नाही. घरातली कामं चालू होती, अव्वाला न्हाणीपर्यंत नेणं चालू होतं. ती पहाटे बाहेर पडायची. चावडीवरचे सलाम हळूहळू बंद झाले. एक-दोघांनी तर पायाच्या पट्ट्या कुठं मिळतात म्हणून विचारलं. तिनं मौलासाबाचा लिंब दाखवून दिला.

माघात शाळेची तपासणी झाली. परगावाहून तपासनीस आले होते. पांढरी दाढी, काळी शेरवानी, बोलणं अदबीचं. ते पहाटेच येऊन शाळेच्या पायरीवर उभे होते, आणि शांतम्मा सायकलवरून उतरली ती काळ्या मर्दानी कोटात, पोटऱ्यांना खाकी पट्ट्या, हातांत धनगरी लोकरीच्या पिशव्या. त्यांनी दोन वर्ग तपासले. मुलींनी पाढे म्हटले, नकाशावर मांजरा नदी दाखवली, न अडखळता धडा वाचला. तपासनीस खूश झाले आणि तसं त्यांनी लिहिलंही. पण जाता जाता शेऱ्याखाली आणखी एक ओळ घातली. मास्तरीणबाईंचा लिबास, म्हणजे पोशाख, बाईमाणसाला मुनासिब नाही, याबद्दल त्यांनी आठ दिवसांत लेखी जवाब द्यावा.

शाळेत दुसरी एक बाई होती. ती घाबरली. "माफी लिहून टाका, शांतम्मा. दोन ओळींचं काम. थंडी सरत आलीच आहे. फाल्गुनात कोण घालतंय कोट?"

"म्हणजे पुढल्या सालच्या थंडीला काय करू?"

शांतम्मानं त्या संध्याकाळी कागद घेतला. तिची उर्दू कच्ची होती, म्हणून आधी मराठीत लिहिलं आणि शब्द शब्द जुळवत उर्दूत उतरवलं. तीन वेळा खोडलं. अव्वा जवळ बसून कान देऊन ऐकत होती. मोठं झालं, कमी कर, असं दोनदा म्हणाली. शेवटी कागदावर एवढंच राहिलं:

"मी रोज अडीच कोस सायकलवर येते. या हिवाळ्यात हजेरीच्या बुकात माझ्या नावापुढं लाल रेघ एकही नाही, बुक मागवून बघावं. थंडीत बाईनं काय घालून शाळेत वेळेवर यावं, याचा सरकारी हुकूम असेल तर नक्कल पाठवावी. नसेल तर मी हाच कोट घालून येईन."

खाली सही केली. टपालात टाकायला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही, आपणच गेली. हुकुमाची नक्कल काही आली नाही. शांतम्मा त्यानंतर एकोणीस हिवाळे त्या रस्त्यानं गेली. तोवर राज्य बदललं, शाळेला दुसरी इमारत मिळाली, ओढ्यावर पूल झाला. कोट दोनदा उसवला, दोनदा उलटून शिवला, आणि ज्या साली त्याचं अस्तर हातात आलं, त्या साली तिनं बार्शीला जाऊन आपल्या मापाचा नवा शिवून घेतला.